उपग्रहातून हिरवाई दिसते, रहिवाशांचं बरं-वाईट दिसतं का?

वाटसरू
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढतेय.

आमचा एक छोटा गट शहरातल्या वस्त्या आणि तिथल्या लोकांचं मानसिक स्वास्थ्य यांचा नकाशावर मेळ घालून बघतो आहे. पद्धत नेहमीचीच. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, एक पिक्सेल १० मीटरचा. त्यावरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक काढला. उत्तर देणाऱ्या प्रत्येकाच्या घराभोवती ३०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ टाकून आतल्या हिरवाईची सरासरी घेतली. दुसऱ्या बाजूला जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची प्रश्नावली: गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी आकडा मिळतो.

दोन्ही थर क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत एकावर एक ठेवले आणि संबंध निघाला अगदीच किरकोळ. त्याहून कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे दोन वस्त्या नकाशावर सारख्याच हिरव्या, उत्पन्न आणि वयोगटही साधारण सारखे, पण एकीत लोकांचे गुण चांगले आणि दुसरीत पडलेले.

गटातले ज्येष्ठ म्हणतात, वर्तुळ ५०० नाहीतर १००० मीटरचं करून बघ, संबंध सापडेल. मला वाटतं गडबड वर्तुळात नाही, आपण जे मोजतोय त्यातच आहे. तुमचं काय मत? नकाशा बदलू, की प्रश्न?

पानगळ
धागा आवडला. एनडीव्हीआय नक्की काय बघतो ते आधी लक्षात घ्या. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोहोंची वजाबाकी भागिले बेरीज, बस्स. त्याला कुंपण कळत नाही. राखलेली हिरवळ, पडीक जागेत माजलेलं तण आणि कुलूपबंद बाग, सगळ्यांना तो सारखेच भरघोस गुण देऊन मोकळा होतो. दुसऱ्या वस्तीतली हिरवाई कोणाच्या मालकीची आहे ते एकदा बघाच.

शिवाय उपग्रह बघतो वरून आणि माणूस बघतो समोर. एमआयटीच्या सेन्सेबल सिटी लॅबनं ट्रीपीडिया नावाचा प्रकल्प केला होता. त्यात रस्त्यावरून काढलेल्या फोटोंत किती टक्के भाग हिरवा आहे ते संगणकाकडून मोजून घेतलं. डोळ्याच्या उंचीवरची हिरवाई आणि वरून दिसणारी हिरवाई बऱ्याचदा जुळत नाहीत.

गणित_मास्तर
ज्येष्ठांना माझा नमस्कार सांगा आणि वर्तुळाला हात लावू नका.

हा जुना रोग आहे. हद्दी बदलल्या की संबंध बदलतो. ओपनशॉ आणि टेलर यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंट्या (म्हणजे जिल्हे) घेतल्या. वृद्ध मतदारांचं प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाची मतं, एवढे दोनच आकडे. काउंट्यांचे गट वेगवेगळ्या प्रकारे पाडत गेले, तर सहसंबंध (दोन आकडे किती जोडीनं चढतात-उतरतात त्याचं माप) जवळजवळ उणे १ पासून जवळजवळ अधिक १ पर्यंत हवा तसा निघाला. माहिती तीच, रेषा फक्त वेगळ्या ओढल्या.

तेव्हा वर्तुळाचा आकार निकाल बघायच्या आधी ठरवायचा, का ठरवला ते लिहून ठेवायचं आणि दोन-तीन आकारांचे निकाल असतील तर सगळेच छापायचे. जो बरा दिसला तोच छापणं म्हणजे आधी बाण मारून मग त्याभोवती लक्ष्य रंगवणं.

खोडसाळ
म्हणजे मास्तर, वर्तुळ पृथ्वीएवढं केलं तर सगळे सारखेच सुखी. प्रबंध तयार!

गणित_मास्तर
@खोडसाळ, विनोद नाही हो हा. वर्तुळ जसं मोठं होतं तसा घराघरांतला फरक पुसट होत जातो. पृथ्वीपर्यंत जायची गरज नाही, दोन-तीन किलोमीटरलाच तो प्रकार सुरू होतो.

दस्तऐवज
मला इथे उगाच गुंतागुंत दिसतेय. लंडनच्या डॉक्टर जॉन स्नोनं १८५४ च्या कॉलऱ्यात काय केलं? मृत्यू नकाशावर मांडले, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती गर्दी दिसली, पंपाचा दांडा काढायला लावला. नकाशा नीट काढला की उत्तर समोर येतं. प्रश्नावल्या वगैरे नंतरचं.

जुना_मोजणीदार
@दस्तऐवज, ही गोष्ट फार गोड आहे, पण घडलं ते उलट्या क्रमानं. दांडा निघाला ८ सप्टेंबर १८५४ रोजी. स्नोनं तो नकाशा लोकांसमोर ठेवला त्यानंतर, आपलं म्हणणं पटवून द्यायला. त्याला पंपाचा संशय आधीपासून होता, कारण कॉलरा पाण्यातून पसरतो असं तो काही वर्षांपासून मांडत होता. त्यानं मृतांची यादी मिळवली आणि घरोघर जाऊन पाणी कुठलं पीत होते ते विचारलं.

खरी मजा अपवादांत आहे. पंपापासून लांब, हॅम्पस्टेडला एक विधवा बाई कॉलऱ्यानं गेली. नकाशावर तो एकटाच ठिपका. चौकशी केली तर कळलं की पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीट भागात राहायची, त्या पाण्याची चव तिला आवडायची, म्हणून रोज बाटली भरून मागवायची. उलट पंपाच्या अगदी शेजारच्या मद्यभट्टीतले कामगार वाचले, कारण ते तिथलं मद्यच प्यायचे आणि पाणी लागलं तर भट्टीची स्वतःची सोय होती. जवळच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांच्या आश्रयगृहात, पाचशेच्या वर माणसं होती, त्यांतली अवघी ५ दगावली. त्यांचीही वेगळी विहीर. नकाशा म्हणतो 'जवळ आहेत, मरायला हवे होते', माणसं म्हणतात 'आम्ही ते पाणी पीतच नव्हतो'.

आणखी एक, हे वाटसरूंच्या कामाचं आहे. नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत स्नोनं एक रेषा ओढली. त्या रेषेच्या आतल्या घरांना ब्रॉड स्ट्रीटचा पंप चालत जायला सगळ्यात जवळ, बाहेरच्यांना दुसरा एखादा. अंतर सरळ रेषेत मोजलेलं नाही, गल्लीबोळांतून चालत जाण्याचं आहे. संगणक नसताना त्यानं जे केलं ते आपण क्यूजीआयएस हाताशी असून करत नाही. वर्तुळं टाकत बसतो.

दस्तऐवज
क्रमाचं मान्य. पण मांडल्यावर लोकांना पटलं ते नकाशामुळेच ना?

जुना_मोजणीदार
लगेच नाही पटलं. अधिकारी मंडळी पुढेही बराच काळ दूषित हवेलाच दोष देत राहिली. पहिला रुग्ण म्हणजे ब्रॉड स्ट्रीटच्या ४० नंबरच्या घरातलं तान्हं बाळ, हे हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकानं शोधून काढलं. गडी सुरुवातीला स्नोच्या विरोधात होता. त्याला खोडून काढायला म्हणून घरोघर फिरला आणि शेवटी त्याच्याच बाजूचा झाला.

पानगळ
मोजणीदारकाका, वाचनखूण साठवली.

सावकाश
चालण्याच्या अंतरावर माझा अनुभव लिहिते.

आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच भरायच्या खुल्या नकाशावर, एका वस्तीच्या पायवाटा भरत होतो. संगणकानं काढलेली चालण्याची हद्द सांगत होती की बाग या घरांपासून पाच मिनिटांवर आहे. सोबत सत्तरीच्या एक बाई होत्या. म्हणाल्या, चल, दाखवते. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक. मोठं दार कायम साखळीनं बांधलेलं, बाजूला माणूस अंग चोरून जाईल एवढी फट आणि दुचाक्या घुसू नयेत म्हणून त्या फटीत गुडघ्याच्या उंचीवर आडवा दांडा. बाईंनी काठी आधी पलीकडे टेकवली, मग फाटकाला धरून एक पाय टाकला, जरा थांबल्या, मग दुसरा. पलीकडे उतार, आणि बागेच्या दारापर्यंत टेकायला एकही बाक नाही. वरून बघाल तर त्या वाटेवर झाडांची अशी दाट छत्री की उपग्रहाला फाटक दिसायचं काही कारणच नाही.

एरवी बाई त्या बागेत जातच नाहीत. फाटकाच्या अलीकडे एक बसका कठडा आहे, तिथे बसतात आणि घरी येतात.

चालण्याची हद्द काढणारी साधनं बहुधा ताशी ५ किलोमीटरच्या आसपास वेग धरतात. रस्ता ओलांडायच्या सिग्नलची वेळही अनेक देशांत सेकंदाला १.२ मीटर धरून बेतलेली असते. म्हातारं माणूस, लहान मूल हाताशी असलेली आई, व्हीलचेअरवरचा माणूस यांपैकी कोणीच त्या हिशेबात बसत नाही. वेग कमी करून तीच हद्द पुन्हा काढून बघा, नकाशा किती आक्रसतो ते कळेल.

खोडसाळ
अवांतर: आमच्या इमारतीला नकाशावर कोणीतरी 'पडीक' म्हणून नोंदवून ठेवलंय. आम्ही आठव्या मजल्यावर राहतो. सौ. म्हणते, राहू दे, पाहुणे कमी येतील.

मेघदूत२.०
हाहाहा, खोडसाळ!

मुद्द्यावर येतो. हिरवाईच्या जोडीला उष्णतेचा थर घेणार असाल तर सावध राहा. लँडसॅट-८ या उपग्रहाचा औष्णिक संवेदक मुळात १०० मीटरचा पिक्सेल मोजतो. तो ३० मीटरचा करून देतात, म्हणून चित्र आहे त्यापेक्षा बारीक वाटतं. दुसरं म्हणजे तो मोजतो पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नाही. पत्र्याचं छप्पर भट्टीसारखं चमकतं, पण त्याखालच्या माणसाला काय होतंय ते वेगळं. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: लँडसॅट एखाद्या जागेवरून जातो तो सकाळी दहाच्या सुमारास. माणसाला छळते ती न उतरणारी रात्रीची उष्णता, कारण झोप मोडते. तुमच्या प्रश्नावलीत ताजंतवानं उठण्याबद्दल प्रश्न आहे, आणि नकाशा सकाळी दहाचा! २०१८ पासून अंतराळ स्थानकावर बसवलेलं इकोस्ट्रेस हे उपकरण वेगवेगळ्या वेळांना मोजतं, रात्रीचंही. ते बघा.

उंबरठा
मी जरा वेगळा सूर लावते. हिरवाईजवळ राहणारे लोक सुखी असतात, की ज्यांची परिस्थिती बरी तेच हिरवाईजवळ घर घेऊ शकतात? नकाशा कितीही देखणा काढा, हे त्यातून कळणार नाही. तेव्हा 'संबंध सापडला नाही' म्हणून वाईट वाटून घेऊ नका. सापडला असता तरी काय सिद्ध झालं असतं?

पानगळ
@उंबरठा, बरोबर, पण यावर प्रयोग झालेत. रॉजर उल्रिच यांचं १९८४ चं काम प्रसिद्ध आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. मात्र रुग्ण अवघे ४६, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये.

त्याहून भक्कम प्रयोग फिलाडेल्फियाचा, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. शहरातल्या ५४१ मोकळ्या, दुर्लक्षित जागा घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं: काही जागांवर कचरा काढून गवत, थोडी झाडं, बुटकं कुंपण, काहींवर फक्त सफाई, काही तशाच ठेवल्या. गवत लावलेल्या जागांजवळच्या रहिवाशांत 'खिन्न वाटतं' म्हणणाऱ्यांचं प्रमाण, तशाच ठेवलेल्या जागांच्या तुलनेत ४१ टक्क्यांच्या आसपास घटलं. नुसत्या सफाईनं मनःस्वास्थ्यात ठळक फरक दिसला नाही. इथे कोणी घर बदललं नव्हतं, बदलली ती जागा.

उंबरठा
हे माहीत नव्हतं. वाचते.

गणित_मास्तर
घराभोवतीच वर्तुळ का, हाही प्रश्न आहेच. नोकरदार माणूस जागेपणीचा किती वेळ घरी असतो? भूगोलतज्ज्ञ मेई-पो क्वान यांनी २०१२ मध्ये हाच मुद्दा मांडला. माणसावर परिणाम करणारी जागा नेमकी कुठली आणि किती वेळ, हे आपल्याला ठाऊक नसतं आणि आपण घराचा पत्ता घेऊन बसतो.

यावर एक सुरेख तोड म्हणजे २०१० साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून निघालेलं मॅपिनेस हे अॅप. ते दिवसातून केव्हाही विचारायचं, आत्ता किती बरं वाटतंय, आणि फोनच्या जीपीएसवरून जागा टिपायचं. वीस हजारांहून जास्त लोक, दहा लाखांवर उत्तरं. तोच माणूस रस्त्यावर काय म्हणतो आणि झाडीत काय म्हणतो याची तुलना करता आली. सरासरीनं लोक निसर्गात जास्त खूश होते. उंबरठाताईंची शंका इथे बरीचशी फिटते, कारण तुलना माणसामाणसांत नसून एकाच माणसाच्या दोन वेळांत आहे.

बंद_खिडकी
आणि तेच अॅप उद्या विमा कंपनीच्या हातात गेलं की?

मंडळी, कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख मोबाइलधारकांच्या हालचालींची निनावी नोंद तपासली होती. चार ठिकाणं आणि त्यांच्या वेळा कळल्या की ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी ओळखता येतात. नाव पुसून काही होत नाही. २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या अॅपच्या नकाशावरून लष्करी तळांची ठिकाणं उघडी पडली होती, आठवतंय का? सैनिक धावले, नकाशा उजळला.

वाटसरू, तुमच्याकडे घराचा ठिपका आणि त्या माणसाच्या मनाचे गुण एकाच ओळीत आहेत. ती फाइल कोणाकोणाच्या लॅपटॉपवर आहे?

वाटसरू
@बंद_खिडकी, पत्ते आणि उत्तरं वेगवेगळ्या फाइलींत आहेत, जोडणारी किल्ली एकीकडेच. छापताना ठिपके देणार नाही, मोठे चौकोन करून सरासरी देऊ. चौकोनात फार थोडे लोक असतील तर तो कोरा ठेवू.

बंद_खिडकी
छान. पण चौकोनही निरुपद्रवी नसतात. 'खिन्न वस्ती' असा लाल चौकोन एकदा नकाशावर आला की निघत नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात गृहकर्जासाठी वस्त्यांना रंग देणारे नकाशे काढले होते. लाल म्हणजे धोक्याची वस्ती, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सगळ्याच लाल. कर्ज नाही, गुंतवणूक नाही. २०२० मध्ये १०८ शहरांचा अभ्यास आला. जुन्या लाल वस्त्या आजही त्याच शहरांतल्या वरच्या श्रेणीच्या वस्त्यांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सियसनं जास्त तापतात. झाडं कमी, डांबर जास्त. तो नकाशा काढणारेही स्वतःला शहराचे अभ्यासकच म्हणवत असणार.

मेघदूत२.०
+१. आणि ते २.६ अंश लँडसॅटवरूनच काढलेले आहेत, म्हणजे पृष्ठभागाचे. माझं वरचं तुणतुणं इथेही लागू.

चिमणी
भावनांचा थेट नकाशा नाही का काढता येणार? मनगटावर पट्टा बांधायचा, घाम आला की नोंद, सोबत जीपीएस.

सावकाश
@चिमणी, ख्रिश्चन नोल्ड या कलाकारानं २००४ पासून तेच केलं, बोटांना संवेदक लावून लोकांना फिरायला पाठवलं. अडचण अशी की त्वचेवरून कळतं ते फक्त 'काहीतरी झालं' एवढंच. मैत्रीण भेटली की गाडी अंगावर आली, संवेदकाला दोन्ही सारखंच. म्हणून तो परत आल्यावर माणसाला त्याचा नकाशा दाखवून विचारायचा, इथे काय घडलं? लोकांनी जे लिहिलं तोच खरा ऐवज होता.

चिमणी
म्हणजे फिरून फिरून परत विचारणंच.

वाटसरू
सगळ्यांचे आभार, इतक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. सावकाशताईंचा प्रतिसाद वाचून गेल्या आठवड्यात त्या दुसऱ्या वस्तीत चक्कर मारली.

हिरवाईचा मोठा तुकडा एका संस्थेच्या आवारात आहे. उंच भिंत, दारावर पहारेकरी. पानगळ, तुम्ही पहिल्याच प्रतिसादात म्हणाला होतात. पण एवढ्यानं कोडं सुटलं असं म्हणवत नाही. ज्यांची घरं वरच्या मजल्यांवर आहेत त्यांना तीच झाडं खिडकीतून दिसतात आणि त्यांना ती आवडतात, तरीही गुण कमीच. दोघा-तिघांना विचारलं तर हिरवाईचा विषयच निघाला नाही. सगळे रात्रीच्या अवजड वाहनांबद्दल बोलत होते. मालाची वाहतूक त्या रस्त्यानं रात्री सोडतात.

मेघदूत२.०
आवाज! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी चोवीस तासांची भारित सरासरी (संध्याकाळ-रात्रीच्या आवाजाला जास्त वजन देऊन काढलेली) ५३ डेसिबलच्या खाली आणि रात्रीची ४५ च्या खाली ठेवा असं म्हटलंय. रात्रीची मर्यादा मुद्दाम वेगळी दिली आहे. युरोपात २००२ च्या निर्देशानुसार मोठ्या शहरांना आवाजाचे नकाशे करावे लागतात, पण ते बहुतेक वाहनांची संख्या, वेग आणि इमारतींची उंची यांवरून हिशेबानं काढलेले असतात. रात्री कोणती वाहनं जातात याची खरी मोजणी हिशेबात घातली नाही तर तो नकाशाही तुम्हाला फसवेल.

गणित_मास्तर
वाटसरू, आता तुमच्या मूळ प्रश्नावर. नकाशा बदलू की प्रश्न? प्रश्न बदला, आणि तोही नकाशावरच विचारा. उत्तर देणाऱ्याच्या हातात त्याच्या वस्तीचा नकाशा द्या आणि तीन गोष्टी खुणा करून मागा: रोज जाता कुठे, टाळता कुठलं, जावंसं वाटतं पण जाता येत नाही असं कुठलं. मग तुमचं वर्तुळ त्यांच्या खुणांशी ताडून बघा. किती खुणा ३०० मीटरच्या बाहेर पडतात हाच एक निष्कर्ष असेल, आणि माझ्या मते तुमच्या सहसंबंधापेक्षा जास्त कामाचा.

उंबरठा
आणि ज्येष्ठांना काय सांगणार?

वाटसरू
सांगितलं. म्हणाले, खुणा गोळा कर, पण १००० मीटरचंही एकदा बघून घे.

खोडसाळ
ज्येष्ठ हटणार नाहीत. मानलं!

सावकाश
खुणा गोळा करायला बाहेर पडणारच आहात तर बाकही भरून घ्या. ओपनस्ट्रीटमॅपवर बाकाला पाठ आहे की नाही ते वेगळं नोंदवता येतं, बहुतेक जण रिकामं सोडतात.

जुना_मोजणीदार
हात टेकायला आहे की नाही तेही भरा. पाठीपेक्षा उठताना त्याचाच उपयोग होतो.

सावकाश
काका, त्यासाठीही टॅग आहे. पण मी पाठीच्याच बाजूनं. बसणार कशाला, उठायला?